मन्याचा कोपरा

"पण नवस तर मी शर्यतीच्या आधीच फेडला ना, बाबा? मग पीर फिरला कसा?"

विचारणारे उदाजीराव पाटणकर. घोड्यांच्या पैदाशीतलं मोठं प्रस्थ. मिशी घोड्याच्या शेपटीसारखी, रोज खरारा केलेली. आज ती ओली होती.

दर्ग्याच्या पायरीवर लालशा फकीर कांदा चिरत बसला होता. डोळ्यांत पाणी त्याच्याही होतं, पण ते कांद्याचं.

"काय दिलंस पिराला?"

"बोकड. झोकात कंदुरी केली. अख्खं गाव जेवलं."

"कुठला बोकड?"

"...तबेल्यातलाच."

म्हणजे मन्या. रानजाई घोडी आईचं दूध तुटल्यापासून त्याच्या शेजारी झोपायची. जातिवंत जनावर, स्वतःच्या सावलीला बुजणारं. मन्या जवळ असला की निवांत चारा खायची. अशा घोड्यांपाशी बोकड बांधतात तो त्यासाठीच. उदाजीरावांनीच बांधला होता. पण पिराला विकतचा काय द्यायचा, घरचा द्यावा, असा त्यांचा खानदानी विचार!

शर्यत होती आपल्याच मुलखात जन्मलेल्या तीन वर्षांच्या घोड्यांची. घोड्याला ती एकदाच पळता येते. पुढच्या साली त्याचं वय निघून जातं.

गेट उघडलं. सगळे सुटले. रानजाई मान वळवून मागे बघत उभी राहिली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. काहींनी तर उदाजीरावांनाच पळायला सांगितलं.

"शर्यत गेली, खड्ड्यात गेली," उदाजीराव म्हणाले. "आता ती खातच नाही, बाबा. भिंतीकडे तोंड करून उभी असते. डॉक्टर म्हणतो, अशीच राहिली तर जाईल. दुसरा बोकड बांधला, तर त्याला लाथ घातली. तुम्ही चला. नुसता हात फिरवा तिच्यावरून."

"माझा हात?" फकीर हसला. "अरे, कंदुरीला मी पण होतो की. नळ्या चोखल्या. मीठ कमी होतं, राव."

"तरी चला..."

फकीर उठला.

तबेल्यात मन्याच्या कोपऱ्यातलं गवत अजून दबलेलं होतं, त्याच्याच अंगाच्या मापाचं. फकिराने डोक्याचं फडकं काढलं आणि अंगाची मुटकुळी करून त्या गवतात बसला.



बराच वेळ गेला. घोडीचा एक कान हलला.

मग ती वळली. हळूहळू, पाय ओढत आली. उदाजीरावांनी श्वास रोखला.

तिने मान खाली घातली. फकिराची दाढी हुंगली. मग तोंड. तोंडापाशी तिच्या नाकपुड्या थांबल्या...

ती परत भिंतीकडे वळली.

उदाजीराव मटकन खाली बसले. "संपलं. तुम्हालाही ओळखलं नाही हो तिनं."

फकीर त्या गवतातून उठलाच नाही.

"ओळखलं, राव."