पांगरझिरीचा उकिरड्या नंदी

पांगरझिरीला पाहुणा आला की गावातले जाणते डोमाजी बावणे आधी त्याच्या हातांकडे बघतात. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली दिसली तर "रिकामी झाली की मले देजा बरं, पोट्टे वाट पाहून ऱ्हायले," असे बजावतात आणि मगच त्याला टेकडीच्या पायथ्याशी, झिऱ्याकडे घेऊन जातात. झिरा काही फार मोठा नाही. काळ्या दगडाच्या कपारीतून पाणी पाझरते, खाली बांधलेल्या कुंडीत साठते, आणि ऐन वैशाखातही सगळ्या गावाला पुरते. भोवती पांगऱ्याची झाडे दाटीने उभी आहेत. त्यातल्या सर्वांत जुन्या झाडाच्या बुंध्यावर, छातीच्या उंचीला, कुऱ्हाडीची एक जखम आहे. ती केव्हाच भरून आली, पण खाच राहिली. डोमाजी पाहुण्याला त्या खाचेत हात घालायला लावतात. हात बरोबर मावतो. मग ते शेजारच्या दगडावर बसतात आणि सांगायला लागतात. घाई असलेल्या माणसाने तिथे थांबूच नये.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आदल्या दिवशी खरे बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी पोरे चाकांचे लाकडी नंदी दोरीने ओढत मिरवतात. पांगरझिरीच्या तान्ह्या पोळ्यात मात्र लाकूड कोरून केलेला नंदी चालत नाही. इथल्या पोरांचे नंदी नारळाच्या करवंटीचे, फाटक्या सुपाचे, तुटक्या चपलांचे. आणि त्या सगळ्यांच्या पुढे माणसाएवढा उंच एक नंदी उभा असतो, गावाने टाकून दिलेल्या वस्तूंचा. त्याला उकिरड्या म्हणतात. त्याची दोन शिंगे कधीच सारखी नसतात. ती का नसतात, तीच ही गोष्ट.

फार वर्षांपूर्वी या गावात सोनबा नावाचा सुतार होता, असे सांगतात. पांगऱ्याचे लाकूड हलके आणि मऊ, कोरायला लोण्यासारखे. सोनबाच्या हातचा नंदी म्हणजे आत्ता हंबरेल की मग, असा वाटायचा. सुरुवातीला घरटी एक नंदी असे, बापाचा पोराला आणि पोराचा नातवाला पुरे. पण हौसेला मोल नसते. या घरचा वीतभर उंच झाला की त्या घरी हातभर हवा. जुना नंदी चुलीत आणि नवीन पाटावर, असे दर साली होऊ लागले. प्रत्येक जण म्हणे, एका फांदीने काय होते? फांद्या संपल्यावर बुंधे आले. नवीन कोंब फुटत ते शेळ्या खात, आणि झाड लावायची कुणाला फुरसत नव्हती. सोनबा गेला त्या साली झिऱ्यावर एकच पांगरा उरला होता.

त्याच्या मागे त्याची बायको भिवरा लाकूड तासायचा वाकस चालवू लागली. हात तिचाही तयार होता, कारण नवऱ्याचे निम्मे नंदी तिनेच घासूनपुसून उभे केले होते. रोज पाण्याला जाताना ती तोडलेल्या पांगऱ्यांचे खुंट बघायची. झिऱ्याचे पाणीही आता करंगळीएवढे झाले होते. एक घागर भरेपर्यंत बायांची दोनदा भांडणे होऊन मिटायची. खुंट आपल्याच घरच्या हत्यारांनी झाले, हे भिवराला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला ते फार लागत असे. उरलेले झाड गेले तर झिराही जाईल, आणि झिरा गेला तर गाव उठेल, हे तिच्या मनाने घेतले होते.

गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, आबाजी. माणूस वाईट नव्हता, पण बोलला की बोलला. त्यांचा एकुलता एक मुलगा दौलत ऐन तिशीत तापाने गेला, तेव्हा सून रेणका पोटुशी होती. आबाजींनी महादेवापुढे डोके टेकवून नवस केला होता, म्हणे. नातू झाला आणि जगला, तर त्याच्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला माणसाएवढा नंदी काढीन. नातू झाला. श्रावण उजाडला तसे आबाजींनी भिवराला वाड्यावर बोलावले आणि झिऱ्यावरचा पांगरा पाडून नंदी करायला सांगितले.

"मालक, नंदी होईल," भिवरा म्हणाली. "मानसाएवढाच होईल. पन ते झाड तुटनार नाही."

"लाकूड नाही तं कायचा करशील? वाऱ्याचा?"

"गावानं जे फेकलं, त्याचा."

ओसरीवरची माणसे हसली. आबाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "भिवरे, देवापुढं शब्द देला हाय मी. एक लेकरू गमावून बसलो. दुसऱ्याच्या जिवावर खेळू काय तुह्या झाडासाठी?"

तिलाही त्या लेकराची काळजी होती. पण ती जागची हलली नाही. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी नंदी उभा दिसला नाही तर मी स्वतः कुऱ्हाड आणून देईन, एवढे बोलून ती निघाली. आबाजींनी तेवढी मुदत दिली. का दिली, ते त्यांनाही सांगता आले नसते.

आता फेकलेले मागायचे म्हणजे काही जड नव्हे, असे तिला वाटले होते. पण गावाची रीत निराळी. सोने मागितले असते तर कुणी निदान नाही तरी म्हटले असते. फाटके मागितले तर लोकांना राग आला. आपल्या घरातला तुटका मोडका पसारा चारचौघांत मांडायचा म्हणजे अब्रू गेली! एकीने तर तुटकी टोपली पदराखाली लपवली. "सुतारीन आता उकिरडे फुंकून ऱ्हायली," असे बाया झिऱ्यावर बोलू लागल्या. घरोघरी फिरून भिवरा रिकाम्या हाताने परत आली आणि अंगणात बसून राहिली. एकटीला हे होणार नाही, हे तिला तिथे कळले.

मग ती पोरांकडे वळली. उकिरड्याची लाज फक्त मोठ्यांना असते. पोरे तर तिथेच खेळतात. "मानसाएवढा नंदी करायचा हाय, येता काय?" एवढेच ती म्हणाली, आणि दुपारपर्यंत तिच्या अंगणात डोंगर झाला. फुटके माठ, उसवलेल्या टोपल्या, बाजेचे मोडके पाय, झिजलेल्या केरसुण्या, दाणे काढलेली मक्याची बुरकुंडे, फुटक्या बांगड्या, घोंगडीची लक्तरे. आई ओरडे, बाप कान पिळी, तरी पोरे मागच्या दाराने येत. भिवराने त्यांना खिळा न ठोकता सांधा कसा धरायचा ते शिकवले, पाचर कशी मारायची, सुंभ ओला करून कसा आवळायचा म्हणजे वाळल्यावर गाठ सुटत नाही. मोठ्या नंदीचे काम थांबले की पोरे उरलेल्या तुकड्यांतून आपापले छोटे नंदी करत. एकीचा नंदी तीन पायांचा झाला. "लंगडा हाय, पन भांडखोर हाय," असे तिने सगळ्यांना सांगून ठेवले.

टोपल्यांचे पोट झाले, उपड्या माठाचे वशिंड झाले, केरसुणीची शेपटी झाली. नंदी उभा राहिला, आणि पोळा तोंडावर आला असताना झडीचा पाऊस लागला. लक्तरे भिजून जड झाली. दुसऱ्या दिवशी पाहतात तर नंदी चिखलात बसलेला, पाय चारी दिशांना. पोरे रडकुंडीला आली. कुंपणापलीकडून कुणी तरी म्हणाले, "बसला वो, नंदी रवंथ कराले बसला!"

भिवराही रडली, असे सांगतात. पण रडता रडताच ती घरात गेली. ज्या ओंडक्यावर लाकूड ठेवून सोनबाने जन्मभर तासले, तो ओंडका तिने लोटत लोटत बाहेर आणला. तो गेला की तिचा धंदा गेला. लाकडी नंदी बंद झाले तर पोळ्याला घरोघरून येणारे सूपभर धान्यही जाणार होते, हे तिला पक्के माहीत होते. तिने ओंडका अंगणाच्या मधोमध आडवा केला, त्याला खाचा पाडल्या आणि बाजेचे पाय त्यात ठोकून बसवले. "आता बसून दाखव म्हनावं," ती म्हणाली. नंदी बसला नाही.

पोळ्याच्या दिवशी, गाव बैलांच्या मागे गेले असताना, मालगुजारांची सून रेणका मागच्या वाटेने आली. तिच्या हातात लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेले काहीतरी होते. तिने ते भिवरापुढे ठेवले.

"हे त्यायचे जोडे हायेत," ती म्हणाली. "फेकवत नाही अन् पाहवतबी नाही. तुमच्या नंदीले खुरं पायजेन ना?"

भिवराने ते जोडे दोन्ही हातांनी घेतले. एका जोड्याच्या अंगठ्याशी लाल चामड्याचे ठिगळ होते. मग दोघींनी मिळून ते नंदीच्या पुढच्या पायांना बांधले. रेणका जाताना तो धडपाही देऊन गेली. ते पाहिलेल्या बाया हळूहळू येऊ लागल्या. टोपली लपवणारी टोपली घेऊन आली. कुणी सासूच्या लुगड्याचा पदर आणला, कुणी गेलेल्या लेकराचे कुंची टोपरे. संध्याकाळपर्यंत नंदीवर सगळ्या गावाच्या ठिगळांची झूल चढली. फक्त एक शिंग राहिले. एका बाजूला नांगराचे मोडके रुमणे, म्हणजे मुठीचा दांडा, लागले होते, पण त्याच्या जोडीला साजेसे काही सापडेना.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आबाजी कुऱ्हाड घेऊन झिऱ्यावर गेले. सोबत दोन गडी होते. नंदी कोसळल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती; पुन्हा उभा राहिल्याची कुणी पोचवली नव्हती. वाड्यावर असल्या गोष्टी सांगायला कोण जाणार? जोडे चोरून देऊन आलेली रेणकाही सासऱ्यापुढे बोलली नव्हती. "घाव घाल," ते म्हणाले, आणि गड्याने घाव घातला. पांगरा हादरला. एक जुनी फांदी, वाळवीने आधीच पोखरलेली, कडाडून खाली आली.

तेवढ्यात टेकडीच्या वळणावरून पोरांचा गलका ऐकू आला. पुढे भिवरा, मागे सगळ्या गावची पोरे, आणि त्यांच्या दोरांना लागलेला तो नंदी, एकशिंगी, मोडक्या छकड्याच्या लाकडी चाकांवर डुलत येणारा. रेणका लेकराला कडेवर घेऊन बाजूने चालत होती; कुऱ्हाड निघाल्याची बातमी तिनेच पोचवली होती. गड्याने कुऱ्हाड खाली घेतली. भिवरा आबाजींसमोर येऊन थांबली. ती हात जोडून उभी राहिली, पण झाडाच्या आणि त्यांच्या मधोमध.

"मालक, मानसाएवढा हाय की नाही ते मोजून घ्या."

आबाजी मोजायला पुढे झाले. नंदीची उंची पाहायची म्हणून त्यांनी पायापासून नजर वर न्यायला घेतली, आणि ती पायाशीच थांबली. ते लाल ठिगळ त्यांनी स्वतः चांभाराकडे बसून लावून घेतले होते. दौलत म्हणाला होता, नवीन घेऊ. बाप म्हणाला होता, अजून साल काढेल हा जोडा. ते खाली वाकले. गावाने त्यांना कधी कुणापुढे वाकलेले पाहिले नव्हते. त्यांनी त्या ठिगळावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, दौलतचे नाव घेऊन ते रडले.

बऱ्याच वेळाने ते उठले. नातवाला त्यांनी रेणकाकडून घेतले आणि नंदीच्या पाठीवर धरून बसवले. मग विचारले, "भिवरे, याले एकच शिंग काहून?"

"दुसरं भेटलं नाही, मालक."

आबाजींनी गड्याच्या हातातली कुऱ्हाड घेतली. पाते दगडावर आपटून दांड्यापासून वेगळे केले आणि दांडा भिवराच्या हातात दिला. तिने तो तिथेच बसवला, पाचर मारून, सुंभ ओला करून.

झिऱ्याचे पाणी त्याच दिवशी दुप्पट झाले, असे सांगणारे लोक आहेत. डोमाजी ते सांगतात, पण हसतात. पाणी वाढायला बरीच वर्षे लागली, असे त्यांचे म्हणणे. तुटून पडलेल्या फांदीचे जिवंत तुकडे भिवराने पोरांकडून झिऱ्याभोवती रोवून घेतले. पांगऱ्याची फांदी ओलीत रोवली की धरते. त्या साली पोरांनी शेळ्या हाकल्या आणि पुढच्या सालीही हाकल्या. भिवराचे पोळ्याचे धान्यही बंद झाले नाही. लोक सूप भरून आणत, आणि सूप फाटले की सूपही आणत.

आजही श्रावण लागला की पांगरझिरीची पोरे घरोघरी फिरतात आणि म्हणतात, "फेकायचं असन ते द्या." आता त्यात शीतपेयांच्या बाटल्या असतात, मोबाइलची खोकी असतात, औषधांची पाकिटे असतात. डोमाजींनी तुमच्याकडून मागून घेतलेल्या बाटलीचा पुढच्या पोळ्याला कान झालेला असतो. उत्सव संपला की उकिरड्याला कुणी जाळत नाही, बुडवत नाही. पोरे त्याला सोडवतात, आणि प्रत्येक घर दुसऱ्या घरची एखादी वस्तू वापरायला नेते. ओंडका तेवढा तोच आहे, देवळात ठेवलेला.

आणि उकिरड्याचे डावे शिंग आजही कुऱ्हाडीच्या दांड्याचेच असते. तो दांडा गावातल्या सर्वांत मानाच्या माणसाने आपल्या हाताने पाते काढून द्यायचा, अशी रीत आहे. तो आणून देईपर्यंत नंदी एका शिंगाने उभा राहतो, आणि सगळी पोरे दोर धरून गप्प थांबतात.