भिवराची पाकळी

आलात सगळे? पाय पांघरुणात घ्या आधी. आज राजाही नाही आणि राणीही नाही. आज आहे भिवरा. गोष्ट जरा उदास आहे, बरं का. मध्येच कुणी मुसमुसायचं नाही.

तर खाडीच्या काठी एक गाव होतं. तिथे राहायची भिवरा. तिचा नवरा भागोजी गलबतावर खलाशी होता. एकदा काय झालं, गलबत गेलं आणि परत आलंच नाही. सोबतची गलबतं आली, माणसं आली, पण भागोजीचं कुणी काही सांगेना. घरात भिवरा आणि तिची सहा महिन्यांची लेक, मथी. मथीला बाप ठाऊकच नव्हता. भिवराला मात्र घास गिळवेना.

त्या गावात कौल लावायची रीत होती. म्हणजे काय, तर देवीच्या अंगावर जास्वंदीची ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर हो. डावी पडली तर नाही. दोन्ही बाजूंना एकेक पाकळी, आणि मग वाट बघायची.

मग काय, भिवरा मथीला शेजारच्या येसूकाकीकडे ठेवून देवळात गेली. तिथे धाकू गुरव होता, चांगला काळ्याभोर मिशांचा. त्यानं पाकळ्या लावल्या. भिवरानं हात जोडले आणि लेकीच्या बापाचं विचारलं.

"माये, माझ्या चेडवाचो बापूस परत येतलो काय?"

उजवी पडेना. डावीही पडेना. दिवा फडफडला, पाकळ्या काही हलल्या नाहीत.

धाकू म्हणाला, "गो बाय, देवी आज बोलणा नाय. घराक जा, चेडवाक पेज घाल. उद्या ये."

पण ऐकेल ती भिवरा कसली! "पाकळी पडल्याशिवाय मी उठूचंय नाय," म्हणाली, आणि कोपऱ्यात डोळे मिटून बसली. जप सुरू केला.

आता देवळातला वेळ कसा असतो माहीत आहे का? नाही ना? मलाही नाही. पण भिवरानं एक माळ ओढली आणि डोळे उघडले, तर धाकू गुरवाच्या मिशांत पांढरे केस! दारात येसूकाकी उभी, आणि तिचं बोट धरून एक पोर आपल्या पायांवर उभं. मथी होती ती. दोन वर्षं गेली होती, रे बाळांनो. मथीचं रांगणं गेलं, पहिलं पाऊल गेलं, पहिला दात गेला. सगळं येसूकाकीनं पाहिलं.

भिवराच्या काळजाचं पाणी झालं. ती उठायला गेली. पण नजर पडली पाकळ्यांवर. दोन्ही तशाच ओल्या, तशाच लाल. मग तिच्या मनात आलं, एवढे दिवस बसले, आता उठले तर सगळं फुकट जाईल. उत्तर अगदी तोंडाशी आलं असेल. झालं! पुन्हा डोळे मिटले.

येसूकाकी रडली, ओरडली. "आधी पोटोबा मगे विठोबा, गो! पोरीकडे तरी बघ!" हात धरून ओढलं तिला. पण भिवरा दगडासारखी जड झाली होती.

मग आणखी एकदा काय झालं, दुपारच्या वेळी मथी एकटीच देवळात आली. पाच वर्षांची झाली होती. येसूकाकीनं सांगितलं होतं ना, तुझी आई तिथे कोपऱ्यात आहे म्हणून. हातात पेजेची वाटी, सांडू नये म्हणून जीभ दातात धरलेली. आईसमोर वाटी ठेवून म्हणाली, "आये, पेज निवली गो."

भिवरानं डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर केला. थांब.

मथी थांबली. किती थांबली बिचारी! दुपार कलली, सावल्या लांब झाल्या, तरी बसून राहिली. शेवटी येसूकाकी येऊन घेऊन गेली. वाटी तिथेच राहिली. तिला मुंग्या लागल्या. मग मुंग्याही गेल्या. मला ह्या भिवराचा राग येतो, खरं सांगते. आणि कीवही येते. तिचं दुःख खोटं नव्हतं रे. पण दुःखाच्या मागे तिनं पोरीला दाराबाहेर उभं केलं, ते काही बरं नाही केलं.

मग पुन्हा चार वर्षं गेली. धाकू गुरव वारला. त्याचा मुलगा पूजेला येऊ लागला. एके सकाळी भिवराच्या कानावर एक बारीक आवाज आला. कुणीतरी देवीला विचारत होतं.

"माये, माझी आये घराक येतली काय?"

भिवरानं डोळे उघडले. नऊ वर्षांची पोरगी, केसांच्या जटा झालेल्या, परकर आखूड झालेला. टाचा उंच करून तिनं देवीला पाकळी चिकटवली होती. आईच्या उजव्या पाकळीच्या अगदी खाली. आणि हात जोडून उभी होती, पाकळीकडे टक लावून. पहिल्या दिवशी भिवरा उभी होती ना, अगदी तशीच.

मथीची पाकळी काही पडेना. पडेल कशी? ते उत्तर देवीजवळ नव्हतंच. ते भिवराजवळ होतं.

भिवराला हुंदका फुटला. आपण नऊ वर्षं देवीला काय होईल ते विचारलं, काय करू ते एकदाही विचारलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिनं हात जोडले.

"माये, मी आता घराक जाव काय?"

आणि काय सांगू! टपकन उजवी पाकळी पडली. नऊ वर्षांची ओली पाकळी. तिच्याबरोबर मथीचीही पडली.

भिवरा उठली. पायात त्राण नव्हतं. मथीनं खांदा पुढे केला, आणि दोघी घरी गेल्या.

काय रे? भागोजी आला का? नाही, बाळा. नाही आला. गेलेली नऊ वर्षंही नाही आली.

पण भिवरा रोज सकाळी देवळात जायची. हात जोडून एवढंच विचारायची, "माये, आज काय करू?" आणि लगेच उठायची. मग जाळी विणायची, येसूकाकीचं पाणी भरायची, मथीच्या जटा सोडवायची, एकेक केस करून. मथी मात्र तिला आई म्हणेना. "अगो" म्हणायची नुसतं. वर्षभर तसंच चाललं. भिवरानं एका शब्दानं विचारलं नाही.

मग एका दुपारी भिवरा अंगणात जाळं विणत होती. आतून हाक आली.

"आये, पेज निवली गो."

भिवरानं जाळं हातातून टाकलं आणि धावत आत गेली.

पुढे दोघी सुखानं राहिल्या, येसूकाकीसुद्धा. चला, आता हात जोडा. देवाला काय मागायचं ते मागा, थोडक्यात, आणि झोपा. सकाळी आई हाक मारेल तेव्हा एका हाकेत उठायचं, कळलं?