घासलेलं नाणं

“म्हणजे ते नाणं तुमच्याकडे आहे, फादर? खरंच आहे?”

“दोन फ्रँकचं आहे एक. साल तूच बघ,” फादर इनास म्हणाले. “आधी बस. दमलायस.”

जयवंत वर्तक दमलाच होता. वसईतल्या म्हाताऱ्या धर्मगुरूंसाठी असलेल्या या घरी यायला दोन रिक्षा बदलाव्या लागल्या होत्या. वय बासष्ट. डावा डोळा जवळजवळ गेलेला. उजवा किती दिवस टिकेल, ते डॉक्टर सांगत नव्हते.

फादर त्याचे शाळेतले मास्तर. नाण्यांचा नाद त्यांनीच लावलेला. पुढे ते न्यू कॅलेडोनियाला गेले. पॅसिफिक समुद्रातलं, फ्रान्सच्या ताब्यातलं बेट. तिथून दर पत्रात एखादं नाणं यायचं. परतले ते ऐंशी ओलांडून.

जयवंतने अल्बम उघडला.

“एक फ्रँकपासून शंभरपर्यंत. प्रत्येक सालाचं एक. सगळी बाजारात फिरलेली. टांकसाळीतून थेट डबीत आलेलं एकही नाही. आता तर तिकडंही ही जुनी नाणी बंद झाली. देशात असा दुसरा संग्रह दाखवा मला!”

फादरांनी पान उलटलं नाही.

“एकच खण रिकामा आहे,” जयवंत म्हणाला. आवाज खाली आला होता. “तेवढं मिळालं की सुटलो.”

“सुटशील?”

जयवंतने रिकाम्या खणावरून बोट फिरवलं.

फादरांनी उशीखालून एक पाकीट काढलं आणि त्याच्या तळहातावर झटकलं. ॲल्युमिनियमचं नाणं, पिसासारखं हलकं.

जयवंतने उजव्या डोळ्याला भिंग लावलं. नाणं उजेडाकडे धरलं, उलटलं, पुन्हा उलटलं.

“साल कुठंय याच्यावर? वरचा पक्षीसुद्धा पुसट झालाय. कुणी घासलं हे?”

“मादलेननं. माझ्या चर्चला यायची. एकटी बाई होती, समुद्राकाठी झोपडी.”

“नाणं कधी घासायचं नसतं, फादर! तुम्हीच शिकवलंत!”

“तुला शिकवलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं.”

जयवंत ओशाळला. फादरांना धाप लागली होती. ते थोडं थांबले.

“देवाला द्यायचं, म्हणून दर शनिवारी वाळूनं घासायची. रविवारी दानाच्या ताटलीत टाकायची. तिच्याकडे तेवढंच होतं... सोमवारी मी तिच्याकडे जायचो. ती चुलीकडे वळली की तेच नाणं चटईखाली सरकवून यायचो.”

“मग?”

“मग पुढच्या रविवारी पुन्हा ताटलीत. लखलखीत.”

“हेच?”

“हेच.”

“तिला कळत नव्हतं?”

“मी विचारलं नाही. तीही कधी बोलली नाही.”

बाहेर कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं. त्याचा आवाज तेवढा येत राहिला.

“एका सोमवारी गेलो,” फादर म्हणाले, “तर शेजारणीनं चटई गुंडाळून भिंतीशी उभी केलेली... नाणं माझ्याच खिशात राहिलं.”

जयवंतने भिंग मिटलं. इतकी वर्षं ज्या खणाकडे बघत काढली, त्यात त्याने नाणं सरकवलं. पाहिलं. मग बाहेर काढलं. खणाखाली साल लिहिलेलं होतं, त्याच्याच अक्षरात. ते खोटं ठरलं असतं.

त्याने नाणं फादरांपुढे धरलं. फादरांनी ते घेतलं नाही. उलट त्याचीच बोटं त्यावर मिटवली.



“मग हे मी कुठल्या सालात लावू, फादर?”

फादरांनी डोळे मिटले होते. जयवंतला वाटलं, झोप लागली.

“नऊ वर्षं चाललं ते,” फादर म्हणाले. “कुठंही लाव.”