उतरलेला खांदा

चित्रकलेच्या कॉलेजात मी मॉडेल म्हणून बसतो; मुलं मला आजोबा म्हणतात. पायांभोवती खडूची खूण करतात, मग तास संपेपर्यंत हलायचं नाही. इनामदार सरांनी तरुणपणी काढलेलं माझं चित्र वर्गाच्या भिंतीवर आहे. त्याला तेव्हा बक्षीस मिळालं होतं.

एका जूनमध्ये तनुजा लोहार आली. तिच्या तालुक्यातला चित्रकलेचा वर्ग बंद पडला होता. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाची एकच जागा होती. ती हुकली तर तिची चित्रकला संपली.

प्राचार्यांनी तिला माझं चित्र काढायला सांगितलं. तासाभरात सगळी मुलं तिच्या बोर्डाभोवती जमली.

"अगं, हे तर हुबेहूब आजोबा!"

आपल्या चित्रापुढे अशी गर्दी सरांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्यांच्या पोटात दुखलं. भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, "डावा खांदा चुकलाय. तो असा सरळ हवा. हिला बघून काढायची सवयच नाही. दुसऱ्या वर्षाला कशी घ्यायची?"

तनुजा म्हणाली, "सर, तुम्ही भिंतीकडे बघून तपासताय. आजोबा इकडे बसलेत. अजून खुणेवरून हललेही नाहीत."

सगळे माझ्याकडे वळले. बाजारात पोती वाहून माझा डावा खांदा केव्हाच उतरला होता. प्राचार्य हसले आणि त्यांनी तिच्या अर्जावर सही केली.

सर एकटेच आपल्या चित्रापुढे उभे राहिले. मी जवळ जाऊन म्हणालो, "सर, तुम्ही काढलंत तेव्हा तो सरळच होता."