पाठीवरचा गेरू

फार दूर नाही, इथेच पलीकडे एक मेंढवाडा होता. वाड्यात मातीच जास्त, गवत नावाला. समोर हिरवंगार कुरण आणि मधे एक फाटक. कुरणाच्या धन्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. पण जग घडण्याआधीच त्याने तारणासाठी, म्हणजे कुरणात घ्यायला, मोजक्या मेंढ्या निवडल्या आणि त्यांच्या पाठीवर गेरूचा ठिपका ठेवला, असं वाड्याचे अध्यक्ष शांतवनराव सांगत. शांतवनराव हा एडका होता आणि सगळ्या वाड्यात तेवढा एकच गुबगुबीत होता, म्हणजे त्याला आतली माहिती असणारच.

ठिपका लोकरीखाली असल्यामुळे तो बघायला कातरून घ्यावं लागे. सक्ती अजिबात नव्हती. न कातरलेल्यांची नावं फक्त रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवत.

मार्था मेंढीचं कोकरू अशक्त होतं. मार्थाला दूध नव्हतं, कारण पोटात गवत नव्हतं. ती अध्यक्षांकडे गेली.

"सायेब, ठिपका आसंल तर कातरून काय मिळायचं? अन् नसंल तर कातरून काय उगवायचंय?"

शांतवनराव प्रेमाने हसला. "मार्थाबाई, तुम्ही कातरून घेतलंत, तर ती धन्याची कृपा. नाही घेतलंत, तर तो तुमचा स्वतःचा निर्णय."

मार्थाने कातरून घेतलं. ठिपका निघाला नाही. कुणाच्याच पाठीवर निघाला नाही. मग सभा भरली.

"बंधूंनो आणि भगिनींनो!" नव्या लोकरी गादीवरून शांतवनराव गरजला. "दिसणारा ठिपका कुणीही मानेल! आपला ठिपका कातडीच्या आत आहे!"

"पाठ उघडी, श्रद्धा गाढी!" कार्यकारिणीने घोषणा दिली. कार्यकारिणीच्या अंगावर घोंगड्या होत्या. मेंढ्यांनी कुडकुडत ती घोषणा अकरा वेळा दिली, त्याने थोडी ऊबही आली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकराने मान उचलली नाही. मार्था भडकली, आणि मी असतो तर मीही भडकलो असतो.

"चुलीत गेली तुमची निवड!" ती ओरडली. कोकराला तोंडात धरून ती धावली आणि तिने फाटकाला डोकं मारलं.

फाटक उघडलं. त्याला कडी नव्हती. कधीच नव्हती, पण ढकलून पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं. कुरणात गवत पोटभर होतं आणि पाठ तपासायला कुणीही उभं नव्हतं. दुपारपर्यंत मार्थाला पान्हा फुटला, संध्याकाळी कोकरू पायांवर उभं राहिलं.

"या गं बायांनो!" ती पलीकडून हाका मारू लागली. "कडी न्हाई फाटकाला! नुसतं ढकला!"

वाड्यात गडबड उडाली. शांतवनरावाने लगेच निवेदन काढलं: "मार्थाबाई गेल्या, कारण त्यांची निवड आधीच झाली होती. आमच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. जे इथे उपाशी आहेत, ते मात्र स्वतःच्या मर्जीने आहेत."

मेंढ्यांना ते पटलं. "तिचं काय बाई, तिचं नाव लागलं हुतं," असं म्हणत त्या उघड्या फाटकाकडे पाठ करून रांगेत उभ्या राहिल्या.

रांग अध्यक्षपदाच्या मतदानाची होती. उमेदवार एकच होता, निकाल आदल्या दिवशीच लागला होता, आणि मतदान शंभर टक्के झालं, तेही कुणी जबरदस्ती न करता.