शिसवी पलंग आणि बत्ताशा पोपट

या, असे जवळ सरका. चिंगे, पाय आत घे, किती गार पडलेत! आणि हुंकार द्यायचा बरं का. नाहीतर मलाच डुलकी लागेल आणि गोष्ट अर्धीच राहील.

तर एकदा काय झालं, एक होता राजा. त्याचं नाव मानाजी. राणी लवकर देवाघरी गेली होती, म्हणून राजाचा सगळा जीव एकुलत्या एका लेकीवर. तिचं नाव केतकी.

त्या राज्यात एक चाल होती. लेकीला लग्नात पलंग द्यायचा, तो आपल्याच राईतल्या झाडाचा. आणि झाड तोडायचं तर आधी त्याच्या बुंध्याशी हळदकुंकू वाहायचं, अक्षता ठेवायच्या, वर मान करून सांगायचं, "पाखरांनो, बिऱ्हाड हलवा हो. तुमची पिल्लं उडाली की आम्ही येऊ." मग गुमान घरी जायचं. पिल्लं उडेपर्यंत कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. राजा असो नाहीतर रंक, सगळ्यांना हाच नियम.

मग काय झालं, शेजारच्या राजानं आपल्या लेकीला हा एवढा मोठा पलंग दिला. दहा गडी लागले म्हणे उचलायला. झालं! मानाजीराजाच्या पोटात दुखायला लागलं. म्हणाला, माझ्या केतकीचा पलंग त्याहून मोठा पाहिजे. राईच्या पार टोकाला शिसवाचं एक जुनं झाड होतं. राजा सुताराला घेऊन तिथे गेला. वर बघतो तर ढोलीत पोपटाची पिल्लं.

सुतार म्हणाला, "महाराज, थोडं थांबू या. पिल्लं अजून लहान आहेत."

राजा म्हणाला, "पाऊस तोंडावर आलाय आणि तू मला पाखरांची वाट बघायला सांगतोस? घाल घाव!"

राजापुढे कोण बोलणार? अक्षता नाहीत की हळदकुंकू नाही. झाड पडलं. ढोलीत तीन पिल्लं होती, त्यातली दोन गेली. हो रे बाळा, गेली. खोटं कशाला सांगू? एक तेवढं धुगधुगत होतं, उघडंबागडं, कापसाच्या बोळ्याएवढं. त्याचे आईबाप वरती घिरट्या घालत ओरडत होते. त्यांचं ओरडणं ऐकलं आणि राजा खाली वाकला. त्यानं पिल्लू उचललं, उपरण्यात गुंडाळलं आणि घरी आणलं.

केतकीनं विचारलं, "हे कुठलं हो, आबासाहेब?"

आता तेव्हाच खरं सांगायचं की नाही? पण लेकीच्या तोंडाकडे बघून राजाची जीभ वळेना. म्हणाला, "राईत वाऱ्यानं झाड पडलं गं. त्यातलं हे एकच वाचलं. आता पडलंच आहे झाड, तर त्याचाच तुझा पलंग करू." आणि सुताराला त्यानं गप्प राहायची ताकीद दिली.

केतकीनं बापाचे हात डोळ्यांना लावले. "आबासाहेब, किती दयाळू आहात हो तुम्ही!"

तिनं ते दासींना सांगितलं, दासींनी बाजारात सांगितलं. पंधरवड्यात सगळं राज्य त्याला दयाळूराजा म्हणायला लागलं. कुणी दयाळूराजा म्हटलं की हा खाली मान घालायचा. लोक म्हणायचे, बघा, काय विनय आहे! विनय कसला, डोंबलाचा! लाजेनं मान वर होत नव्हती त्याची.

इकडे पिल्लू मोठं झालं. केतकीनं त्याला भिजवलेली डाळ भरवून वाढवलं. त्याला बत्तासे फार आवडायचे, म्हणून त्याचं नावच पडलं बत्ताशा. इतका गुणी पोपट, की समोर चंदनाची पेटी ठेवा, हा चोच लावायचा नाही. दिवसभर केतकीच्या खांद्यावर.

लाकूड वाळायला दोन पावसाळे गेले. मग केतकीचं लग्न ठरलं आणि सुतारांनी पलंग घडवला. काय पलंग तो! चार खांब, एकेक माझ्या मांडीएवढा जाड. हसू नका रे! पलंग महालात आणून ठेवला, तसा बत्ताशा केतकीच्या खांद्यावरून उडाला आणि उशाकडच्या खांबावर जाऊन बसला. त्यानं लाकडाला गाल लावला. असा, डोळे मिटून. आणि मग जे कुरतडायला लागला, कुर्र कुर्र, कुर्र कुर्र! शिसवासारखं कठीण लाकूड, पण त्याच्या चोचीपुढे काही चालेना. खाली भुसा पडला, कपच्या पडल्या.

आणि बरं का, त्या कपच्या बोलायला लागल्या. ची ची, ची ची. अगदी घरट्यातल्या पिल्लांसारख्या. राजानं दचकून इकडेतिकडे बघितलं. केतकी हसत होती, दासी हसत होत्या. कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. एकट्या राजालाच येत होतं. त्याचे कान लालेलाल झाले. तो ओरडला, "झाडून टाका तो कचरा! आणि या पाखराची खोड मोडा!"

मग पहिला उपाय केला तिखटाचा. लाल मिरच्या वाटून खांबाला लेप दिला. सकाळी बघतात तर काय? बत्ताशानं सगळा लेप मिटक्या मारत चाटून खाल्लेला! अरे, पोपटाला मिरची म्हणजे मेजवानी. आणि वर खांब पुन्हा कुरतडलेला. सगळा वाडा खो खो हसला. राजाला हसू आलं नाही. कपच्या ची ची करत होत्या.

मग दुसरा उपाय केला कडूचा. कडुलिंबाचा पाला, कारल्याचा रस, काडेचिराईत, सगळं उकळून पलंगाला फासलं. बत्ताशानं एकदा चोच पुसली आणि पुन्हा आपला कुर्र कुर्र. केतकीची मावशी मात्र सवयीनं पलंगावर टेकली आणि त्याच हातानं तिनं लाडू खाल्ला. मग तिनं जे तोंड केलं! दोन दिवस तिला साखरसुद्धा कडू लागत होती.

केतकीला वाटलं, बिचाऱ्याची चोच शिवशिवत असेल. तिनं चिंचेची फांदी आणली, बाभळीची आणली, आंब्याची कोवळी डहाळी आणली. बत्ताशानं ढुंकून बघितलं नाही. त्याला तोच खांब पाहिजे. आता खांबाला चांगलं वाटोळं भोक पडलं होतं. राजानं ते भोक बघितलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. हुबेहूब तशीच ढोली होती त्या झाडाला.

राजाला कळलं होतं, बरं का. पोपट लाकूड खात नव्हता. तो आपलं घर शोधत होता. पण कळून काय उपयोग? ते तोंडावाटे यायला पाहिजे ना? लग्न चार दिवसांवर. व्याही पलंग बघायला येणार. कुणी विचारलं, हा पोपट एवढ्या एकाच पलंगाच्या मागे का लागलाय, तर सांगणार काय? केतकीला कळलं तर ती बापाचं तोंड तरी बघेल का?

म्हणून मग त्यानं तिसरा उपाय केला. तो उपाय सांगायलासुद्धा मला लाज वाटते. त्यानं रेशमाचा दोरा घेतला आणि बत्ताशाची चोच बांधली. नोकर पुढे होईनात, म्हणून स्वतःच्या हातानं बांधली. बत्ताशानं चोच मारली नाही की पंख फडफडवले नाहीत. लहानपणापासून त्या हातांची सवय होती त्याला. नुसता बघत राहिला.

आता बत्ताशा कुरतडीना. पण डाळही खाईना, पाणीही पिईना. खांबावर बसून बांधलेल्या चोचीनं टक टक करायचा. दोरा सोडायची राजाची सक्त मनाई होती, म्हणून केतकी नुसती त्याच्यापाशी बसून राहिली. तिनंही अन्न सोडलं. बापाशी बोलणंसुद्धा सोडलं.

हळदीचा दिवस उजाडला. व्याही आले, विहीणबाई आल्या, गावातल्या आयाबाया आल्या. व्याही पलंग बघून म्हणाले, "वा! आणि आमचं भाग्य बघा, दयाळूराजाची लेक आमच्या घरी येतेय."

केतकीला हळद लावायला बोलावलं. ती उठेना. बत्ताशा तिच्या ओंजळीत मान टाकून पडला होता. ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आबासाहेब, वाऱ्यानं घर मोडलं तेव्हा तुम्हीच याला वाचवलंत ना? मग त्याच हातांनी याला असं कसं मारताय?"

राजानं खाली बघितलं. पायाशी एक जुनी कपची पडली होती. ची ची, ची ची. हो म्हटलं तर लग्न सुखरूप लागणार होतं. दयाळूराजा हे नावही राहणार होतं. त्यानं बत्ताशाकडे बघितलं. पिल्लू असताना दिसायचा तसाच दिसत होता तो.

राजा म्हणाला, "वारा नव्हता गं. मी होतो."

आयाबायांनी हळदीच्या वाट्या खाली ठेवल्या.

"मी झाड तोडलं. हळदकुंकू नाही, अक्षता नाहीत. पिल्लं आत होती, मला ठाऊक होतं. याची दोन भावंडं मारली मी. कशासाठी? शेजाऱ्याच्या पलंगापेक्षा तुझा पलंग मोठा व्हावा म्हणून. आणि तुझ्याशी खोटं बोललो. मला दयाळू म्हणू नका रे कुणी, मला ऐकवत नाही." आणि एवढा मोठा राजा, चारचौघांत तोंड झाकून रडला.

त्याच क्षणी कपच्या शांत झाल्या. केतकीनं दोरा सोडला. बत्ताशाच्या चोचीत पाण्याचे थेंब सोडले, एक, दोन, तीन. तिसऱ्या थेंबाला त्यानं डोळा उघडला. हळूच उडाला, खांबावरच्या भोकाशी गेला, उलटा वळून शेपटीकडून आत शिरला आणि तोंड बाहेर काढून बसला. पोपट ढोलीत बसतात ना, तसा. आणि बघता बघता काय नवल! खांबाला पोपटी पान फुटलं. मग दुसरं फुटलं, मग तिसरं.

व्याही उठले. राजाला वाटलं, मोडलं आता लग्न.

व्याही म्हणाले, "राजे, हा पलंग आम्हाला नको."

राजानं मान खाली घातली.

"दुसऱ्याचं घर आहे ते, आम्ही त्यावर झोपायचं कसं? लेकीला मात्र न्यायला आलोय."

मग लग्न लागलं. पलंग उचलून राईत ठेवला, त्याच जागी. पायांना मुळं फुटली, खांबांचे बुंधे झाले, भोवती पोपटांचे थवे जमले. बत्ताशाला बायको मिळाली, पिल्लं झाली.

पण केतकीचा राग काही लगेच गेला नाही हं. कसा जाईल? पाठवणीच्या वेळी ती पाया पडली, तेव्हासुद्धा तिनं मान वर केली नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, "आबासाहेब, पुन्हा कुणी तुम्हाला दयाळू म्हटलं, तर गप्प बसाल?"

राजा म्हणाला, "नाही बसणार."

तेव्हा कुठे ती बापाच्या गळ्यात पडली.

आणि राजानं शब्द पाळला. कुणी दयाळूराजा म्हटलं, की तो त्या माणसाला थांबवायचा, शेजारी बसवायचा आणि झाडाची, पिल्लांची, दोऱ्याची सगळी हकीकत स्वतःच्या तोंडानं सांगायचा. सांगताना लाजेनं त्याचे कान लाल व्हायचे. तरी सांगायचा, काही वगळायचा नाही. म्हणून तर ही गोष्ट तोंडातोंडी तुमच्या आजीपर्यंत आली. नाहीतर आपल्याला कोण सांगायला आलं असतं?

पुढे केतकी सासरी सुखात राहिली, बत्ताशा राईत सुखात राहिला, आणि राजाही सुखातच राहिला, थोडा लाजत लाजत. आता हुंकार पुरे. चिंगी तर कधीचीच झोपली. मिटा डोळे, आणि कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर सकाळी उठल्यावर सांगा. मी रागावणार नाही.