चिलखत न उतरवण्याचा पण

सात समुद्रांपलीकडे सदानकदा धुक्यात बुडालेलं एक राज्य होतं. तिथल्या राजाच्या पदरी बारा सरदार होते. दुबळ्यांच्या हाकेला धावून जायचं आणि दिलेला शब्द मोडायचा नाही, हे त्यांचं व्रत. शब्द मोडणाऱ्याची दरबारातली खुर्ची उचलून बाहेर काढली जाई, मग तो कोणी का असेना.

त्यांतला सगळ्यात तरुण सरदार भारी उतावळा. बाकीच्यांच्या नावावर मोठमोठे पराक्रम आणि आपल्या नावावर काहीच नाही, हे त्याला सलायचं. एका मेजवानीत तो ताडकन उठला आणि सगळ्यांसमोर बोलून बसला, "आधी कुणाचा तरी जीव वाचवीन, आणि मगच हे चिलखत अंगावरून उतरवीन."

झालं. बोलून गेला खरा, पण राज्यात सगळीकडे आबादीआबाद. ना राक्षस, ना दरोडेखोर. सरदार घोड्यावर बसून गावोगाव विचारत फिरू लागला, की बाबांनो, इथे कुणाचा जीव धोक्यात आहे का? लोक म्हणायचे, तसं काही नाही, पण आमचा एक बैल उधळलाय, तेवढा धरून देता का? बैल धरायला आपण आलेलो नाही, असं सांगून तो पुढे निघायचा.

सहा महिने झाले. चिलखताच्या आत घामाने अंग सोलवटलं. खाज सुटली की गडी झाडाला पाठ घासायचा, पण लोखंडावरून खाज कप्पाळ जाणार! आडवं झालं की चिलखताचे सांधे रुतायचे, म्हणून बसल्या बसल्याच डुलक्या काढायचा. कुठेच चैन पडेना. कधी एकदा कुणीतरी संकटात सापडतंय याची तो वाट पाहू लागला होता, आणि त्यात काही वावगं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

एके दिवशी दुपारी तो एका नदीवर आला. पाण्याला जबर ओढ होती. पलीकडून एक नावाडीण रिकामी होडी घेऊन येत होती. मध्यावर होडी खडकावर आदळून उलटली आणि बाई पाण्यात पडली. "अहो, वाचवा मला," ती ओरडली.

सरदाराला आनंदच झाला. घोड्यावरून उडी टाकून तो धावला, गुडघाभर पाण्यात गेला आणि थबकला. अंगावर मणभर लोखंड. तसाच पुढे गेला तर थेट तळ गाठणार. चिलखत काढलं तर पोहता येईल, पण मग जीव वाचवण्याआधीच ते उतरलं, म्हणजे पण मोडला. सहा महिने सोसलं ते फुकट आणि खुर्चीही गेली. तो काठावर नुसता येरझारा घालू लागला. बाई बुडाली, वर आली, हाक मारली, पुन्हा बुडाली. आता मात्र हाक आली नाही.

तेव्हा त्याच्या काळजात चर्र झालं. कमरेची कट्यार काढून त्याने चिलखताचे पट्टे कराकरा कापले, ते लोखंड तिथेच टाकलं आणि प्रवाहात सूर मारला. बाईला ओढून काठावर आणलं, पोटातलं पाणी काढलं. बऱ्याच वेळाने तिचा श्वास सुरू झाला. थरथरत उठून बसल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुम्ही इथेच उभे होतात ना? मग इतका उशीर का केलात?"

सरदाराने तिला घोड्यावर बसवून तिच्या घरी पोचवलं.

तो साध्या कपड्यांत दरबारात पोचला तेव्हा सगळ्यांनी जयजयकार केला. म्हाताऱ्या राजाने नियमाप्रमाणे विचारलं, की चिलखत आधी उतरलं का जीव आधी वाचला? नदीवर तिसरं कुणी नव्हतं. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर भागलं असतं. सरदार म्हणाला, "चिलखत आधी उतरलं, महाराज."

दोन नोकरांनी त्याची खुर्ची उचलून बाहेर नेली. राजाला गलबलून आलं. "वाईट वाटतंय का रे?" त्याने विचारलं.

"वाटतंय, महाराज," सरदार म्हणाला. "ती बाई दोनदा बुडाली आणि तेवढा वेळ मी माझा पण सांभाळत उभा होतो, त्याचं वाटतंय."

त्यानंतर त्या दरबारात मेजवानीच्या भरात उठून असा पण कुणी केला नाही.

तात्पर्य: दुसऱ्याला वाचवण्यासाठी दिलेला शब्द, तो दुसरा बुडत असताना जपत बसू नये.